‘चार इंजिनांचं विमान मिळालं तरच जाईन’

मुलं अमेरिकेत आणि आईवडील इकडे, अशी घरं आता गंगापूर रोडच्या सोसायट्यांपासून निफाडच्या मळ्यांपर्यंत सगळीकडे आहेत. यातले काही आईवडील विमानप्रवासाची तारीख जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. झोप उडालेली असते, जेवण जात नसतं, आणि घरात कुणाला सांगायची सोय नसते, कारण सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘काही होत नाही हो, रोज हजारो लोक जातात.’ भीती वाटणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवू नये असं माझं ठाम मत आहे. त्याने विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर असेल, तर आधी ते त्याला मिळायला हवं.

तात्यांचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. साठी ओलांडलेले द्राक्षबागायतदार, लेक न्यू जर्सीला, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. काकूंना एकटीला पाठवायला जीव होत नव्हता आणि स्वतः विमानात पाय ठेवायला मन तयार नव्हतं. एकदा तिकिटं रद्दही करून झाली होती. विमानाचा आवाज त्यांना नवा नव्हता, ओझरहून उडणारी सुखोई त्यांच्या बागेवरूनच जातात. धास्ती होती ती समुद्राची.

“मॅडम, पूर्वी जम्बोला चार इंजिनं असायची,” ते म्हणाले. “आता दोनवर भागवतात. पैसा वाचवायला. समुद्राच्या मध्ये एक बंद पडलं तर उरलं किती? एकच ना? चार इंजिनांचं विमान मिळालं तरच जाईन.”

मी म्हटलं, “तात्या, पैशाचं म्हणता ते खरंच आहे.” दोन इंजिनांना इंधन कमी लागतं, देखभालीचा खर्चही कमी. म्हणूनच एअरबसने चार इंजिनांच्या ए-३४० चं उत्पादन २०११ मध्ये थांबवलं, शेवटचं ए-३८० २०२१ मध्ये दिलं गेलं आणि शेवटचं ७४७, म्हणजे तुमचं जम्बो, जानेवारी २०२३ मध्ये कारखान्यातून गेलं, तेही मालवाहू. पण समुद्रावरून जायची परवानगी कंपनीची बचत बघून मिळत नाही. १९५३ मध्ये, पिस्टन इंजिनांच्या काळात, अमेरिकेत नियम झाला होता की दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळाच्या कक्षेतच राहायचं. पुढे जेट इंजिनं आली, त्यांच्या बंद पडण्याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवला गेला, आणि त्यावरूनच १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांची आणि काही वर्षांत १८० मिनिटांची झाली. १८० मिनिटांसाठी अट अशी की त्या जातीच्या सगळ्या इंजिनांचा मिळून हिशेब केला, तर साधारण ५०,००० तासांत एकापेक्षा जास्त इंजिन उडताना बंद पडता कामा नये. ५०,००० तास म्हणजे एक इंजिन रात्रंदिवस साडेपाच वर्षांहून जास्त चालवणं.

तात्यांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. ते हिशेबी गृहस्थ आहेत, ते मला आवडलं.

एक बंद पडलंच तर काय होतं, तेही सांगितलं. दोन इंजिनांच्या विमानातलं प्रत्येक इंजिन एवढं ताकदीचं ठेवावं लागतं की भरल्या विमानाचं उड्डाणाच्या ऐन क्षणी एक गेलं तरी दुसऱ्यावर ते वर चढावं. समुद्रावर एक गेलं तर वैमानिक विमान थोडं खालच्या उंचीवर आणतो आणि आधीच ठरवलेल्या विमानतळाकडे वळवतो. अटलांटिकसाठी आयर्लंडचं शॅनन, आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडाचं गँडर, अझोर्स बेटांवरचं लाजेस अशी नावं असतात. मी नकाशा उघडून ती दाखवली. मार्च २००३ मध्ये प्रशांत महासागरावर एका बोइंग ७७७ चं एक इंजिन बंद करावं लागलं. समोरून वारा होता, त्यामुळे तीन तासांहून अधिक वेळ ते एकाच इंजिनावर उडत राहिलं आणि हवाई बेटांवर सुखरूप उतरलं.

“आणि दोन्ही गेली तर?”

हा खरा प्रश्न. दोन्ही एकदम कशाने जातील? आपापल्या कारणाने दोन्ही एकाच प्रवासात बिघडण्याची शक्यता फारच लहान. दोन्ही जातात ती बहुतेक एकाच कारणाने, आणि तसं कारण आलं की चार असून उपयोग होत नाही. जून १९८२ मध्ये जावावरून जाणारं एक जम्बो ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. राखेतून खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. मे १९८३ मध्ये मायामीहून निघालेल्या तीन इंजिनांच्या एका विमानात तिन्ही इंजिनांची तेलाची सीलं बसवायचीच राहिली होती. तिन्हींचं तेल गळालं आणि विमान कसंबसं एका इंजिनावर परत आलं.

तात्या जरा थांबून म्हणाले, “म्हणजे विहिरीवर चार मोटारी बसवल्या आणि सगळ्या एकाच डीपीवर. डीपी जळाला की चारही बंद.”

अगदी तेच. आणि लांब समुद्री उड्डाणाच्या नियमांचं बरंचसं लक्ष याच ‘डीपी’वर, म्हणजे सगळी इंजिनं एकदम बंद पाडणाऱ्या कारणावर असतं. दोन्ही इंजिनांचं एकच काम एकाच माणसाने एकाच खेपेत करू नये, ही काळजी त्यातलीच. ऑगस्ट २००१ मध्ये अटलांटिकवर इंधनगळतीने एका ए-३३० ची दोन्ही इंजिनं बंद पडली. ते विमान १९ मिनिटं तरंगत येऊन लाजेसला उतरलं आणि आतली ३०६ माणसं वाचली. तिथेही चार इंजिनं असती, तरी टाकीत नसलेलं इंधन त्यांना मिळालं नसतं.

मग त्यांनी अहमदाबादचं विचारलं. मी वाटच बघत होते. १२ जून २०२५ ला तिथे २६० माणसं गेली. ती दृश्यं घरोघरी पुन्हा पुन्हा पाहिली गेली आणि त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या किती जणांच्या बोलण्यात ती येतात. तो अपघात लहान करून सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. प्राथमिक अहवालातली नोंद तेवढी मी त्यांना सांगितली: उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. नंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि घाईने विषय बदलायचं कारणही नव्हतं.

माहितीचं काम इथे संपलं. तरी पुढच्या भेटीला तात्या आले ते तोच प्रश्न घेऊन. दरम्यान जावयाला विचारून झालं होतं, तिकीट एजंटला विचारून झालं होतं, रात्री मोबाइलवर अपघातांचे व्हिडिओ बघून झाले होते. उत्तर मिळालं की तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा छातीत धडधड.

घरच्यांनी हे नीट समजून घ्यावं. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न माहितीसाठी असतो. विसाव्यांदा विचारलेला तोच प्रश्न क्षणभराच्या दिलाशासाठी असतो, आणि असा प्रत्येक दिलासा भीतीला पुढच्या वेळी लवकर बोलावून आणतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात इच्छा आणि हट्ट यांत फरक करतात. ‘प्रवास सुखरूप व्हावा’ ही इच्छा. ‘शंभर टक्के खात्री मिळाल्याशिवाय मी हलणारच नाही’ हा हट्ट. तात्यांना मी विचारलं, “छाटणी करताना पावसाची शंभर टक्के खात्री असते का?” ते म्हणाले, “नसते. पण गारपीट झाली तरी मी बागेत उभा असतो. काहीतरी करतो. इथं नुसतं बसून राहायचं.” त्यांची भीती खरी इथे होती, हातात काही नसण्यात. इंजिनं मोजणं हा काहीतरी हातात ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता.

मग आम्ही कामाला लागलो. इंजिनाच्या प्रश्नाचं उत्तर तात्यांनी स्वतःच्या अक्षरात एका वहीत लिहिलं. पुन्हा विचारावंसं वाटलं तर वेळ आणि भीतीला दहापैकी गुण लिहायचे, पण कुणालाही विचारायचं नाही. त्यांनी विचारलंच, तर काकूंनी फक्त “वहीत आहे” एवढंच म्हणायचं. काकूंना हे फार जड गेलं. नवरा घाबरलेला दिसत असताना गप्प बसणं निष्ठुर वाटतं, पण त्यांनी ते निभावलं. अपघातांचे व्हिडिओ पूर्ण बंद. आणि मोठ्या प्रवासाआधी ओझरहून दिल्लीला एक छोटी फेरी, तीही दोन इंजिनांच्याच विमानाने. त्या फेरीत दर दहा मिनिटांनी त्यांनी गुण लिहिले. सुरुवातीला नऊ होते, मध्येच सहा, उतरताना पुन्हा आठ, दिल्लीला टेकल्यावर तीन. भीती चढते तशी काही न करताही उतरते, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांवरून पटलं. माझ्या सांगण्याने ते कधीच पटलं नसतं.

न्यू जर्सीला ते गेले, दोन इंजिनांच्याच बोइंग ७७७ ने. अटलांटिकवर झोप लागली नाही, वहीत पाच-सहाच्या आसपास गुण आहेत.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. नुसत्या विचाराने श्वास कोंडणं, घाम फुटणं, हातपाय गार पडणं असं वारंवार होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि तेही तारखेच्या दोन-तीन महिने आधी. विमानतळावर शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी घेऊ नका, ती दारूबरोबर तर मुळीच नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या डॉक्टरांनाही प्रवासाचं आधी सांगा.