गुप्त लष्करी कागद छापले म्हणून पत्रकारावर केस होऊ शकते का?

हो, होऊ शकते, आणि लोकशाही देशातपण. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक वृत्तवाहिनीचे पत्रकार डॅन ओक्स बघा, २०१७ मध्ये त्यांनी लीक झालेल्या कागदांवरून अफगाणिस्तानात ऑस्ट्रेलियन कमांडोंनी निःशस्त्र माणसं आणि मुलंसुद्धा मारल्याचं छापलं, तर २०१९ च्या जूनमध्ये पोलिसांनी थेट सिडनी ऑफिसवर धाड टाकली, मग केस करायची शिफारसही झाली. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारी वकील म्हणाले की शिक्षेची शक्यता आहे पण केस जनहिताची नाही, म्हणून सुटले. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या अफगाणिस्तानातल्या वागणुकीवरच्या चौकशी अहवालात ३९ बेकायदा हत्यांची विश्वासार्ह माहिती आली! कागद देणारे डेव्हिड मॅकब्राइड मात्र २०२४ मध्ये ५ वर्षं ८ महिन्यांसाठी आत गेले, हे मला फार चुकीचं वाटतं.