संगमरवर होताना चुनखडक वितळतो का?

नाही, वितळत नाही. खडक वितळून पुन्हा थिजला, की त्याला अग्निजन्य म्हणतात. चुनखडक जमिनीत खोल गाडला जातो, तिथली उष्णता आणि दाब सोसतो आणि घन अवस्थेतच त्यातले कॅल्साइट या खनिजाचे बारीक कण नव्याने स्फटिक बनून मोठे होतात, एकमेकांत घट्ट गुंततात. शंखशिंपल्यांचे ठसेही त्यात बहुधा पुसले जातात. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराचा ताजा फुटलेला तुकडा उन्हात फिरवून बघा, साखरेसारखे कण चमकतील. ते हेच स्फटिक! शेलचं, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचं, वेगळं: त्यापासून पाटीचा दगड होताना दाबाने अभ्रकासारख्या खनिजांचे पापुद्रे एका दिशेला लागतात, म्हणून तो पातळ थरांत सुटतो. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट मात्र अग्निजन्य. असे न वितळता उष्णतेने आणि दाबाने बदललेले, म्हणजे रूपांतरित खडक बघायचे तर सिंधुदुर्ग किंवा भंडाऱ्याकडे जा.