गेममध्ये एकच टायमर पुन्हापुन्हा कसा वापरावा?

आपण विचारले आहे की, गोळीबार, कूलडाऊन (एखादी कृती केल्यावर ती पुन्हा करता येईपर्यंतची सक्तीची थांबण्याची वेळ) आणि शत्रूंचे आगमन यांसाठी जागोजागी वेगळे व्हेरिएबल आणि वेगळी वजाबाकी लिहिणे टाळता येईल का. अवश्य येईल. ठरलेला कालावधी, साठलेला वेळ आणि टायमर एकदाच वाजणारा आहे की आवर्ती, एवढेच सांभाळणारा छोटा क्लास लिहावा. ज्या ऑब्जेक्टला वेळ मोजायचा आहे त्याने तो सुरुवातीलाच तयार करून स्वतःजवळ ठेवावा आणि दर वेळी नवा न करता तोच पुन्हा सुरू करावा.

टायमरने स्वतः घड्याळ पाहू नये. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र नव्याने काढले जाताना, मागच्या फ्रेमपासून गेलेला जो वेळ बाहेरून दिला जातो तोच साठवावा. इंदूरमध्ये मी ज्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, त्यांनी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीवर एक गेम केला होता. त्यात गिऱ्हाइकाचा धीर संगणकाच्या घड्याळावरून मोजला जात असल्यामुळे, खेळाडू गेम पॉज करून जेवून येईपर्यंत भुट्ट्याच्या किसासाठी ताटकळलेली सगळी गिऱ्हाइके निघून गेलेली असत.

खरी गोम आवर्ती टायमरमध्ये आहे. वेळ भरल्यावर बहुतेक जण साठलेला वेळ शून्य करतात आणि वरचा उरलेला वेळ वाया जातो. दर ०.२५ सेकंदाला एक गोळी सुटायची असेल, तर सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या यंत्रावर मिनिटाला २४० गोळ्या सुटतात; ३० फ्रेम असतील तर साडेसात फ्रेमऐवजी आठ फ्रेम थांबावे लागते आणि गोळ्या २२५ वर येतात. म्हणजे जुना फोन वापरणाऱ्याची बंदूकच दुबळी! म्हणून शून्य न करता कालावधी वजा करावा, आणि तोही लूपमध्ये, कारण एखादी लांबलेली फ्रेम दोन आवर्तने एकदम पूर्ण करू शकते. मात्र फ्रेमच्या वेळेला वरची मर्यादा घालावी, नाहीतर ॲप मागे जाऊन परत आले की गोळ्यांचा पाऊस पडेल. कूलडाऊनला ही शिल्लक पुढे नेण्याची गरज नाही. तेथे शून्यच योग्य.

गोडो या गेम इंजिनमध्ये टायमर नोड (टायमरचा तयार घटक) मिळतो, पण ०.०५ सेकंदांहून लहान कालावधीसाठी त्यावर विसंबू नये. युनिटी या इंजिनमध्ये टाइमस्केल (गेममधल्या वेळेचा वेग) शून्य केल्यास डेल्टाटाइम, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळही शून्य होतो, तेव्हा पॉज मेनूतल्या टायमरला टाइमस्केलचा परिणाम न होणारा अनस्केल्ड डेल्टाटाइम द्यावा. क्लास तोच राहतो.