पायथनमध्ये 93 मुलांच्या उंचीच्या रेषा एकाच आलेखात काढल्या तर नुसता गुंता दिसतो. काय करू?

बर्कलीचा वाढीचा डेटा (मुलांच्या उंचीच्या मापांचा प्रसिद्ध संच) तुम्ही सायकिट-एफडीएमध्ये, म्हणजे वक्रांचा अभ्यास करायच्या पायथन लायब्ररीत, काढून पाहिलात: 39 मुलगे, 54 मुली, वय 1 ते 18, प्रत्येकाची 31 मापं. रंग दिले तरी गुंता सुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोष रंगांचा नाही. तुम्ही उंची काढताय, पण तुम्हाला बघायचा आहे वाढीचा वेग.

उंचीचा वक्र वरच चढत जातो, त्यामुळे सगळ्या रेषा एकसारख्या वाटतात. त्यातली एका मुलीची रेषा घेऊन अकरा-बाराव्या वर्षापाशी नीट बघा. चढण जराशी तीव्र झालेली असते, इतकंच. त्याच रेषेचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, काढलं की तिथे ठसठशीत उंचवटा उभा राहतो. मुलींचा उंचवटा आधी येतो, मुलग्यांचा साधारण दोन वर्षांनी. दोन गट असे आपोआप वेगळे होतात, मग रंगांनाही अर्थ येतो.

पण एफडेटाग्रिडवर, म्हणजे लायब्ररीत मापं जशीच्या तशी ठेवणाऱ्या ऑब्जेक्टवर, थेट डेरिव्हेटिव्ह काढू नका. वय 1 ते 2 मध्ये मापं दर तीन महिन्यांनी घेतलीत, मग आठव्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा आणि पुढे सहा महिन्यांनी. त्यात माप घेतानाची दोन-चार मिलिमीटरची चूक धरा. तेवढ्यानेही वेगाची रेषा करवतीसारखी दिसते. आधी टू_बेसिस हे फंक्शन वापरून मापं बी-स्प्लाइनमध्ये, म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेल्या गुळगुळीत वक्रात, बसवा. एन_बेसिस (असे किती घटक वक्र वापरायचे तो आकडा) 12 पासून सुरू करून बघा. वेगासाठी ऑर्डर (तुकड्यांच्या बहुपदीची पायरी) 4 पुरते, प्रवेग (वेगातला बदल) हवा असेल तर 6 घ्या. वय 1 आणि 18 जवळची टोकं मात्र भरवशाची नसतात, तिथली वळणं खरी मानू नका.

मग प्लॉटला ग्रुपमध्ये लिंग द्या, अल्फा (रेषेची अपारदर्शकता) 0.3 च्या आसपास ठेवा, आणि प्रत्येक गटाची सरासरी जाड रेषेने त्याच फिगरवर काढा. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येकाचा उंचवटा वेगळ्या वयात येतो, त्यामुळे सरासरीचा उंचवटा बसका आणि पसरट होतो. प्रत्यक्षात एकही मूल तसं वाढलेलं नसतं. म्हणून सरासरी एकटी कधीच छापू नका, मागे फिकट रेषा राहू द्या. सरासरीच हवी असेल, तर आधी रजिस्ट्रेशन करून, म्हणजे वक्र वयाच्या अक्षावर सरकवून-ताणून, सगळ्यांचे उंचवटे एका वयावर आणा.

वेगळी पडणारी मुलं शोधायला बॉक्सप्लॉट क्लास आहे. सन आणि जेंटन यांनी 2011 मध्ये मांडलेला हा फंक्शनल बॉक्सप्लॉट मधल्या निम्म्या वक्रांचा पट्टा काढतो आणि त्याच्या दीडपट कुंपणाबाहेर जाणारे वक्र वेगळे दाखवतो. तो मुलगे आणि मुलींसाठी स्वतंत्र काढा. खूप उंच किंवा खूप बुटकी मुलं त्यात लगेच सापडतात. पण ज्याची उंची सामान्य आणि वाढीची चालच वेगळी आहे, असं मूल पट्ट्यात लपून राहतं. त्यासाठी मॅग्निट्यूड-शेप प्लॉट वापरा: आडव्या अक्षावर आकारमानातला वेगळेपणा, उभ्या अक्षावर वक्राच्या घाटातला, आणि प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. दूर पडलेला ठिपका कोणत्या मुलाचा ते बघून त्याचा वेगाचा वक्र एकटा काढा.