सोडवून आणलेल्या घाबरट मांजरीच्या अंगावर पिसवा आहेत, ती हात लावू देत नाही. तिला ताण न देता अंघोळ कशी घालावी?

घालू नका. नुसत्या पाण्याने पिसवांचा बंदोबस्त होत नाही, आणि तुम्ही जेमतेम जमवलेला विश्वास मात्र त्या बादलीत जातो. तरी प्रत्येक इमारतीत 'मानगूट धरा, नळाखाली घाला, दोन मिनिटांचं काम' असं सांगणारे एक काका असतातच. मानगूट धरलेली मोठी मांजर गप्प होते ती शांत झाली म्हणून नव्हे, भीतीने गोठते म्हणून. आई पिल्लाला तसं उचलते हे मान्य, पण ते काही आठवड्यांचं पिल्लू असतं.

आधी पिसवाच आहेत ना ते बघा, हात न लावता. ती झोपते तिथे पांढरं फडकं अंथरा. सकाळी त्यावरचे काळे कण ओल्या कापसावर घ्या. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर तो रंग येत नाही.

औषध मानेवर टाकायच्या थेंबांचं. मांजरांसाठीचं फिप्रोनिल, त्यातही एस-मेथोप्रीन असलेलं घ्या, कारण ते अंडी आणि अळ्याही रोखतं. एका मांजरीला ०.५ मिलीची एक पिपेट (थेंबांची छोटी नळी), महिन्यातून एकदा. सेलामेक्टिनही चांगलं, पण ते वजनावर मिळतं: २.५ किलोपर्यंत १५ मिग्रॅ, त्यापुढे ७.५ किलोपर्यंत ४५ मिग्रॅ. उचलून न घेणाऱ्या मांजरीचं वजन पिंजऱ्यासकट करा आणि रिकाम्या पिंजऱ्याचं वजा करा.

कुत्र्याची पिपेट 'अर्धीच टाकतो' हा शहाणपणा करू नका. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजरीच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, म्हणून थोडंसंही अंगावर पडलं तरी काही तासांत थरथर, झटके, कधी मृत्यू. गोचिडांची पावडर, टी ट्री तेल, कापूर, डांबरगोळ्या, फिनेल यांतलं काहीही तिच्या अंगाजवळ नको. 'नैसर्गिक आहे' म्हणणाऱ्याला सांगा, मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेते.

आता लावायची रीत. खरी मेहनत आधीच्या चार-पाच दिवसांत आहे. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तिला आवडतं ते ताटलीत पसरून द्या: उकडलेली चिकन किंवा कोळंबी, मीठ-मसाला न घालता. ती खाताना बाजूला बसा, समोर नको; वरून येणारा हात तिला झडप वाटतो. पहिल्या दिवशी नुसतं बसणं. मग खांद्याला एक बोट. मग मानेवरचे केस जरा बाजूला करणं. शेवटी ओला कापूस त्या जागी टेकवणं, म्हणजे गार स्पर्शही ओळखीचा होतो. ती खायची थांबली तर आदल्या दिवसाच्या पायरीवर या.

पिपेट दुसऱ्या खोलीत उघडा, तो 'टक' आवाज आणि वास तिच्या तोंडाशी नको. मुठीत धरून जरा कोमट करा. कवटीच्या खालच्या टोकाशी, जिथे तिची जीभ पोचत नाही, तिथे केस दुभंगून थेट कातडीवर सगळं एकदम पिळा आणि हात काढून घ्या. केसांवर पडलं तर ओघळतं, ती चाटते, कडू लागून तोंडाला फेस येतो. फेस बहुधा थोड्या वेळात थांबतो, पण थरथर दिसली तर थेट डॉक्टर. ती लपते त्या खोक्यात हात घालून औषध कधीच लावू नका, ती जागा तिचीच राहू द्या. तरीही जमत नसेल तर ओढाताण नको. डॉक्टर आधी द्यायला गॅबापेन्टिन, म्हणजे भीती कमी करणारं औषध, लिहून देऊ शकतात.

मांजरीवर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या, कोष तुमच्या गोधडीच्या शिवणीत, सोफ्याखाली, फरशीच्या सांध्यांत. पांघरुणं ६० अंशांच्या पाण्यात आठवड्याला एकदा. झाडूने अंडी नुसती सरकतात, व्हॅक्यूम वापरा आणि आतला कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर टाका. आवाजाला घाबरते, म्हणून ती दुसऱ्या खोलीत असताना. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबते आणि हादरा किंवा ऊब लागली की बाहेर पडते, म्हणून औषधानंतरही पिसवा दिसतात. 'औषध बोगस' म्हणत चौथ्या दिवशी दुसरं टाकू नका. सलग तीन महिने तरी चालू ठेवा, घरातल्या प्रत्येक मांजरीला. कुत्रा असेल तर त्याला त्याचं वेगळं, पण परमेथ्रिन नसलेलं, कारण मांजर त्याला बिलगून झोपते. ससा असेल तर त्याला फिप्रोनिल अजिबात नको.

हे सगळं धडधाकट मोठ्या मांजरीसाठी. आठ आठवड्यांखालच्या किंवा किलोभरही नसलेल्या पिल्लाला फिप्रोनिल नको. बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी, त्यात पिसवा बुडवायच्या. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालंय, त्याच दिवशी दवाखाना. गाभण, दूध पाजणारी किंवा आजारी असेल तर आधी विचारा. आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना दिसलं तर ते पिसू गिळल्याने झालेले पट्टकृमी. त्याला प्रॅझिक्वॉन्टेल हे जंतांचं औषध वेगळं लागतं, थेंबांनी ते जात नाहीत.