मुंबईत कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी लोकांशी तुमचा कधी संबंध आला आहे का? ते ओळखू येतात का?

आपण विचारले आहे की, अशा लोकांशी रोजच्या व्यवहारात गाठ पडते का, ते ओळखू येतात का आणि त्यांच्याविषयी काय वाटते. मी चेंबूरच्या टिळकनगरमधील एका जुन्या म्हाडा इमारतीत राहतो आणि गेली नऊ वर्षे आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. संबंध आला आहे. ओळखू येतात असे मलाही वाटत असे आणि त्या समजुतीपायी माझ्या हातून काही कष्टकरी माणसांचे नुकसान झाले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याला एका प्रसिद्ध अभिनेत्यावर घरात शिरून चाकूहल्ला झाला आणि पकडलेला संशयित बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले, तेव्हापासून शहरातले वातावरण तापले. आमच्या संस्थेच्या गटावर रोज कुणी ना कुणी रिक्षावाल्याचे, भंगारवाल्याचे नाहीतर भाजीवाल्याचे छायाचित्र टाकून ‘हा कुठला?’ असे विचारू लागले. नेमके त्याच सुमारास इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचा जुना गिलावा काढून नवा करण्याचे काम निघाले. ठेकेदार मराठी होता, मुकादम उत्तर प्रदेशातला आणि परांचीवरचे पाचही गवंडी बंगाली. दुपारी ते जिन्याखाली बसून जेवत. एकदा आपसात बंगालीत बोलताना त्यांच्यातल्या एकाने ‘पानी’ म्हटले आणि दुसऱ्याने अंघोळीला ‘गोसल’ म्हटलेले मी ऐकले. भारतातले बंगाली लोक पाण्याला ‘जोल’ आणि अंघोळीला ‘स्नान’ म्हणतात, ‘पानी’ आणि ‘गोसल’ म्हणणारे बांगलादेशी असतात, असे मी कुठेतरी वाचले होते. तेवढ्या दोन शब्दांवर मी बीटच्या हवालदारांना फोन केला.

पाचही जणांना चौकशीसाठी नेले. पुढे चार दिवस त्यांना सकाळी बोलावून रात्रीपर्यंत बसवून ठेवत होते. आधार कार्ड सगळ्यांकडे होते, तिघांकडे मतदार ओळखपत्रही होते, पण एवढ्याने भागत नाही असे त्यांना सांगण्यात आले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलेले आहे आणि आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र बाळगल्याने कुणी आपोआप भारताचा नागरिक ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका प्रकरणात सांगितले आहे. शेवटी गावच्या पंचायतीतून शाळेचे दाखले आले, आजोबांच्या नावच्या जमिनीचा ‘पर्चा’, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा, फोनवर छायाचित्र काढून आला आणि पाचव्या दिवशी ते कामावर परतले. रोज ९०० रुपये मिळवणाऱ्या गवंड्याचे चार दिवस बुडाले. ते मी त्याला भरून दिले. आधी तो घेत नव्हता.

त्यांच्यातला वयाने मोठा मिस्त्री माझ्याशी बोलायला लागला तो त्यानंतर. घमेल्यात मसाला कालवता कालवता तो म्हणाला, ‘साहेब, हमारे उधर सब मुसलमान पानी ही बोलते हैं, बाप-दादा भी यही बोलते थे.’ तो पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या डोमकलकडचा. मग मी नीट वाचले. हा मुस्लिमबहुल जिल्हा फाळणीच्या वेळी आधी पाकिस्तानात जाणार असे धरले गेले होते आणि १५ ऑगस्ट १९४७ ला तिथे पाकिस्तानचा झेंडा लागलाही होता. दोनच दिवसांनी दोन देशांची सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला, तेव्हा मुर्शिदाबाद भारतात आला आणि खुलना जिल्हा पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात गेला. रेषा दोन दिवसांत बदलली, बोली मात्र शेकडो वर्षांची आहे. आपल्याकडे सावंतवाडीचा माणूस आणि पलीकडचा, गोव्यातल्या पेडण्याचा माणूस जवळजवळ एकच बोली बोलतात, आणि बेळगावात मराठी ऐकू आली म्हणून कुणी तिथल्या माणसाला कोल्हापूरचा समजत नाही. हे मला माहीत होते. बंगालच्या बाबतीत ते लावून पाहायचे मात्र मला सुचले नाही.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट मला नंतर एका वकील स्नेह्यांनी समजावली. गुन्ह्याच्या इतर प्रकरणांत आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सहसा सरकारवर असते. परकीय नागरिकांसंबंधीच्या १९४६ च्या कायद्यात मात्र ती उलटी होती: आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्याने दाखवायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा लागू झाला, पण हे तत्त्व तसेच ठेवलेले आहे. म्हणजे मी फोन केला तेव्हा मी पोलिसांना फक्त माहिती दिली असे नव्हते. त्या पाच जणांवर तीन पिढ्यांचे कागद गोळा करण्याचे ओझे मी टाकले होते. माझा स्वतःचा जन्म १९५८ चा, संगमेश्वर तालुक्यातला. माझ्याकडे जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला तेवढा आहे आणि तो मला आजवर कुणी मागितलेला नाही.

पुढे जून २०२५ मध्ये बातमी आली की, मीरा रोडला काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्याच एका गवंड्याला बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि पश्चिम बंगाल सरकारने हालचाल केल्यावर तो परत आला. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या मिस्त्रीच्या गावचा पर्चा एखाद्या पुरात वाहून गेला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आता खरोखर सीमेपलीकडून आलेल्या व्यक्तीविषयी. आमच्याकडे सात वर्षे एक बाई धुण्याभांड्याला येत होत्या. गोवंडीहून हार्बर लोकलने सकाळी सव्वासातला पोहोचत. आपण कोलकात्याच्या, असे त्या सांगत, आणि मराठी इतके चांगले बोलत की नव्या भाडेकरूंना त्या मराठवाड्यातल्या वाटत. घराची एक किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली असे. संशयाची एवढी हवा असतानाही त्यांच्याविषयी कुणी शब्द काढला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात एका सकाळी त्या मोरीत बसून मोबाइलवर काहीतरी पाहत रडत होत्या. माझ्या पत्नीने जवळ जाऊन पाहिले तर इच्छामती नदीच्या पलीकडे, बांगलादेशातल्या सातक्षीरा जिल्ह्यात, त्यांच्या आईची अंत्ययात्रा निघालेली होती आणि त्या ती व्हिडिओवर पाहत होत्या. मे २००९ च्या आयला चक्रीवादळात त्यांच्या शेतात खारे पाणी शिरले आणि बरीच वर्षे तिथे काही पिकले नाही. त्याच वर्षी दलालाला पैसे देऊन रात्री नदी ओलांडून त्या इकडे आल्या. गेल्या तर परत येता येणार नाही, म्हणून चौदा वर्षांत आईला भेटल्या नव्हत्या.

हे माझ्या पत्नीने मला दोन वर्षे सांगितले नाही. मी सचिव आहे. मला कळले तर मला पोलिसांना कळवावे लागेल, असे तिला वाटले. तिने योग्य केले असे मी म्हणू शकत नाही, आणि चूक केली असेही माझ्याने म्हणवत नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक दिवस रखवालदाराने वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमची किल्ली आणून दिली. बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांचे अकरा दिवसांचे पैसे त्यांच्या गल्लीतल्या एका बाईंच्या हाती पाठवले. पोहोचले असे त्या सांगतात.

सर्वसाधारण सभेत आमच्या सभासदांचे मत काय, ते आपण विचाराल तर जवळजवळ एकमताने ‘हाकलून द्या’ असे आहे. त्याच सभासदांनी पुढच्या आठवड्यात मला विचारले की, बाई गेल्या, आता तेवढ्याच पैशांत दुसरे कोण मिळेल. ही माणसे वाईट नाहीत. वीस वर्षांचे शेजारी आहेत. पण स्वस्त मजूर मिळतो तो का मिळतो, हे आम्ही कधी विचारलेले नव्हते. ज्याला पोलिसांत जाता येत नाही तो पगारासाठी भांडत नाही, आणि त्याचा फटका इथल्या नाका कामगाराच्या, म्हणजे नाक्यावर रोजच्या कामाची वाट पाहणाऱ्या मजुराच्या रोजालाही बसतो.

माझे मत लपवत नाही. ४,०९६ किलोमीटरच्या भारत-बांगलादेश सीमेवरून कुणी आत यायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे आणि बनावट दाखले विकणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण राज्यघटनेच्या २१ व्या आणि २२ व्या अनुच्छेदांत ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, ‘नागरिक’ नाही. जगण्याचा हक्क आणि अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर होण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे. आताच्या बांगलादेशातून अरुणाचल प्रदेशात आलेल्या चाकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परकीयांच्या जिवाचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले होते. निर्णय अधिकाऱ्यांनी कागद पाहून द्यावा, सचिवाने कान देऊन नव्हे.

म्हणून आता आमच्याकडे भाडेकरू, स्वयंपाकीण, रखवालदार, गवंडी अशा प्रत्येकाची नोंद एकाच नमुन्यात पोलीस ठाण्यात जाते, मग तो साताऱ्याचा असो वा पश्चिम बंगालमधल्या माल्द्याचा. नाव किंवा बोली पाहून वेगळी तक्रार करायची नाही, असे मी इतिवृत्तात लिहून घेतले आहे. दोन सभासदांनी त्याला विरोध नोंदवला आहे.

यंदा पावसाळ्याआधी गच्चीच्या कठड्याला बारीक तडा दिसला, म्हणून मी त्या मिस्त्रीला फोन केला. तो आता केरळात काम करतो. मुंबईला पुन्हा येणार नाही, असे त्याने शांतपणे सांगितले आणि तडा किती रुंद आहे ते विचारून सिमेंटमध्ये वाळू किती घालायची, वर पाणी किती दिवस मारायचे, हे सगळे मला लिहून घ्यायला लावले.