वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, पण मन कच खाते आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४१, वजन ११६ किलो आणि उंची १५७ सेंटीमीटर आहे, सहा वर्षांपासून मधुमेह आहे, छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात एप्रिलमध्ये स्लीव्ह शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, आणि ती जवळ येत आहे तसतशी तुमची झोप उडाली आहे. टेबलावरच काही बरेवाईट झाले तर, पुढे कधीच पोटभर जेवता आले नाही तर, हे विचार पाठ सोडत नाहीत. सासूबाई म्हणतात की हातपाय धड असताना पोट कशाला कापून घ्यायचे. आणि आपला निग्रह कमी पडला म्हणून आपण सोपी वाट धरली, असे तुम्हाला स्वतःलाही वाटते. मी लातूरची आहे. माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया २०१८ साली पुण्यात झाली, त्या वेळी माझे वजन साधारण तुमच्याएवढेच होते. मी डॉक्टर नाही, परंतु या वाटेवरून गेलेली आहे आणि त्याच आधारावर माझे मत सांगते. तुमची प्रकृती पाहता शस्त्रक्रियेचा विचार योग्य वाटतो. मात्र एका गोष्टीचा उलगडा झाल्याशिवाय स्लीव्ह करून घेऊ नये.

ती गोष्ट तुम्ही केवळ ओघात लिहिली आहे. रोज सकाळी पित्ताची गोळी घ्यावी लागते आणि रात्री आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येते, असे तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे. बाकीच्या सगळ्या भीतींपेक्षा मला ते वाक्य अधिक महत्त्वाचे वाटले. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी तयार होते. या नळीतला दाब वाढतो, त्यामुळे ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांचा त्रास वाढू शकतो, आणि ज्यांना पूर्वी कधीच जळजळ नव्हती अशांपैकीही काहींना तो नव्याने सुरू होतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अगदी लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, आणि त्यामुळे बहुधा ही जळजळ कमी होते. मलाही आधी स्लीव्हच सुचवले होते. एन्डोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लामुळे झालेल्या जखमा दिसल्या, तेव्हा शल्यचिकित्सकांनी स्वतःहून बेत बदलला आणि समोर कागदावर चित्र काढून त्याचे कारण समजावले. तुमची एन्डोस्कोपी झाली आहे का, हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. झाली नसेल तर ती मागा. झाली असेल तर तो अहवाल समोर ठेवून, इतकी जळजळ असताना माझ्यासाठी स्लीव्हच का, हा प्रश्न विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले तर उत्तम. प्रश्न उडवून लावला गेला, तर दुसऱ्या शल्यचिकित्सकांचे मत घ्यावे. काढलेले जठर परत बसवता येत नाही, त्यामुळे या निर्णयात संकोचाला जागा नसावी.

आता टेबलावरच्या भीतीविषयी. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते आणि अनुभवी केंद्रांमध्ये पहिल्या महिनाभरातला मृत्यूचा धोका साधारण हजारात एक ते तीन एवढा असतो. म्हणजे धोका शून्य नाही, पण तुम्ही रात्री जागून कल्पना करता तेवढा तो मोठाही नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४७ च्या आसपास येतो. या वजनासोबत मधुमेह तसाच ठेवण्यालाही धोका आहे, फक्त तो तारीख घेऊन येत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवे निकष मांडले, त्यांनुसार ३५ च्या वरच्या बीएमआयला अन्य आजार नसतानाही शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच तिचा विचार करता येतो. सासूबाईंना हे आकडे सांगून उपयोग होईलच असे नाही. त्यांना एकदा आहारतज्ज्ञांच्या भेटीला सोबत घेऊन जा. माझ्या आईचे मन माझ्या बोलण्याने वळले नाही, ते तिथे वळले.

निग्रहाच्या प्रश्नावर मात्र मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण त्या एका विचाराने मी कित्येक वर्षे स्वतःला दोष दिला. वजन कमी होऊ लागले की शरीर ते संकट समजते: भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, शरीराचा ऊर्जेचा खर्च घटतो आणि सुटलेले किलो परत येतात. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. बायपासनंतर आतड्यांतून निघणारी तृप्तीची संप्रेरके वाढतात. म्हणजे शस्त्रक्रियेचे काम केवळ पोट लहान करण्यापुरते नसते. भूक आणि तृप्ती यांचा तोलच ती बदलते. वर्षानुवर्षे संकष्टी, एकादश्या आणि डाएट करून जे साधले नाही ते यामुळे साधत असेल, तर त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. आणि ही वाट सोपी तर मुळीच नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत मला औषधाच्या बाटलीवर मिळणाऱ्या छोट्या मापाच्या टोपणाने पाणी प्यावे लागे, एक घोट, मग थांबायचे, मग दुसरा. तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी पिणे ही आपल्याकडची सवय कायमची सुटते. म्हणून एप्रिलच्या तारखेविषयी मला शंका आहे. मराठवाड्यात त्या दिवसांत पारा ४० च्या पुढे असतो आणि तुम्हाला घोटाघोटाने दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात घालायचे आहे. पाणी कमी पडून सलाइन लावण्याची वेळ अशाच दिवसांत येते. घाई नसेल तर पावसाळ्यातली तारीख मिळते का, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

जेवणाचे म्हणाल तर पातळ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, असे हळूहळू पुढे जावे लागते. ज्वारीची भाकरी पुन्हा खाता येते, पण ती वरणात किंवा येसर आमटीत पूर्ण कुस्करून आणि प्रत्येक घास बराच वेळ चावून. एकदा कोरडी भाकरी घाईत खाल्ली आणि घास छातीच्या मध्यभागी अडकून राहिल्यासारखे इतके दुखले की तोंडाला लाळ सुटली आणि तो घास उलटून पडेपर्यंत चैन पडले नाही. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. पंगतीत वाढपी आग्रह करतात, नातेवाईक दुखावतात, आणि बायपास झालेल्या माणसाने दोन जिलब्या खाल्ल्या तर काही वेळात दरदरून घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात. पोटभर जेवणे जाते हे खरे आहे. पण पोट भरल्याची भावना जात नाही. ती अर्ध्या वाटी डाळीत येते आणि मनापासून येते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत, त्यामुळे शाकाहारी असाल तर डाळ, पनीर, दही, मोड आलेली मटकी आणि बहुधा प्रथिनांची भुकटीही लागते. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर, आणि दरवर्षी रक्ततपासणी. हा खर्च शस्त्रक्रियेच्या बिलात कोणी धरत नाही, तुम्ही धरा.

तुम्ही न विचारलेली, परंतु आपल्या भागासाठी फार महत्त्वाची बाब म्हणजे अंतर. जठर कापून जिथे स्टेपलने बंद करतात त्या रेषेतून गळती होणे ही दुर्मीळ पण गंभीर गुंतागुंत आहे आणि ती घरी आल्यानंतरही उद्भवू शकते. नाडी १२० च्या वर जाणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, ही तिची लक्षणे. गावातले डॉक्टर गॅस समजून इंजेक्शन देतील आणि मोलाचे तास जातील. म्हणून सुरुवातीचे काही दिवस संभाजीनगरमध्येच नातेवाईकांकडे राहण्याची सोय करा आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा रुग्णालयाचा फोन क्रमांक डिस्चार्जपूर्वी लिहून घ्या. सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आवश्यक असते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बायपास झाला असेल तर डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची औषधे जोडाच्या जागी व्रण करतात. या दोन्ही सूचना शस्त्रक्रियेच्या नावासह एका कागदावर लिहून मी तो कागद पर्समध्ये ठेवते, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही त्याची प्रत दिली आहे.

मधुमेहाबाबत अपेक्षा वास्तव असाव्यात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅम्पीड या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६ टक्के किंवा त्याखाली राखणारे रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्या गटात ५ टक्के होते. फरक मोठा आहे, तरी बहुतेकांचा मधुमेह समूळ गेला असे त्यातून म्हणता येत नाही. अनेकांची औषधे मात्र कमी झाली. माझे इन्सुलिन बंद झाले, एक गोळी चालू आहे. वजनही साधारण चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा एवढेच उतरते आणि पुढे त्यातले थोडे परत येते. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, ते बहुतेकांचे पुन्हा येतात. सैल झालेली कातडी मात्र आपोआप आवळत नाही.

वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांविषयीही तुम्ही विचारले आहे. टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही औषधे २०२५ साली भारतात आली आणि ती खरोखर परिणामकारक आहेत, पण थांबवली की वजन बहुधा परत येते. शस्त्रक्रियेची धास्ती जातच नसेल तर मधुमेहतज्ज्ञांशी त्याविषयी जरूर बोला; तोही प्रामाणिक पर्याय आहे. विम्याचे म्हणाल तर बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, आणि डॉक्टरांचा सल्ला असल्यास, विम्यातून लठ्ठपणाचे जे उपचार नेहमी वगळलेले असतात त्यांत ही शस्त्रक्रिया मोडत नाही. तरी पॉलिसीचा प्रतीक्षाकाल पाहून पूर्वमंजुरी लेखी घ्या.

मिस्री किंवा तंबाखू असेल तर ती आजच बंद करा आणि भूलतज्ज्ञांपासून लपवू नका. यकृत लहान व्हावे म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पातळ आहार देतात, त्या दिवसांत मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा जुनीच ठेवली तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते; कोणती गोळी कधी थांबवायची हे लिहूनच घ्या. आणि हे सगळे विचारून झाल्यावरही मन तयार नसेल, तर रुग्णालयाला फोन करून तारीख पुढे घ्या. संमतीपत्रावर सही केलेली असली, आगाऊ रक्कम भरलेली असली, तरी भूल देण्याच्या क्षणापर्यंत नाही म्हणण्याचा अधिकार तुमचाच असतो.